काकूंच्या ट्रंकेतले कागद: डिजिलॉकर, गूगल, वनड्राइव्ह की ड्रॉपबॉक्स?

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी फुगली आणि वडोदऱ्याच्या अकोट्यात काकूंच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. काकू वरच्या शेजाऱ्यांकडे सुखरूप होत्या, पण दिवाणाखालची ट्रंक दीड दिवस पाण्यात बसली. पाणी ओसरलं, ऊन पडलं. सगळं वडोदरा कुठल्या सोसायटीत मगर निघाली याचे व्हिडिओ एकमेकांना पाठवत होतं आणि काकू अगाशीवर दोरी बांधून वेराबिलं (म्हणजे घरपट्टीची बिलं), मार्कशीटं, पोस्टाची पासबुकं चिमट्यांनी वाळत घालत होत्या. घराच्या दस्तावेजावरच्या शिक्क्याची जांभळी शाई पसरून मागच्या तीन पानांना लागली होती.

तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "हे सगळं काय ते ऑनलाइन टाकून दे बाबा एकदाचं."

कुठे टाकायचं यावर घरात चार मतं. पुण्याचा भाचा म्हणतो गूगल. कॅनडाची ताई ड्रॉपबॉक्सवाली. काकूंच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह आधीपासूनच आहे. आणि दांडिया बाजारातले जुने शेजारी म्हणतात, सरकारचं डिजिलॉकर असताना परक्याकडे कशाला? मी चार रविवार बसून तोच गठ्ठा चारही ठिकाणी टाकून पाहिला. तुमच्याही घरात अशी ट्रंक असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

जागेचं आधी उरकून टाकतो, कारण सगळे तिथेच अडकतात. फुकटात गूगल १५ जीबी देतं, वनड्राइव्ह ५, ड्रॉपबॉक्स २ आणि डिजिलॉकर १. काकूंचा अख्खा गठ्ठा, २४० पानं, फोनच्या कॅमेऱ्यानं स्कॅन केला तर ३०० एमबीसुद्धा भरला नाही. म्हणजे चारही ठिकाणी मावला. जागा खातात फोटो, आणि त्याहून जास्त व्हिडिओ. कागदापुरतं बघायचं ते एवढंच, की हा कागद उद्या कोणापुढे धरायचा आहे.

लायसन्स, आधार, पॅन

इथे डिजिलॉकरला जोड नाही. केंद्र सरकारची ही सेवा २०१५पासून चालू आहे. तिथे दोन कप्पे असतात आणि त्यांतला फरक बहुतेकांना माहीत नसतो. 'इश्यूड'मध्ये येतो तो कागद ज्या खात्यानं दिला त्याच्याच नोंदींतून थेट येतो आणि नियमांनुसार तो मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो. दुसऱ्या कप्प्यात तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेले कागद (त्यालाही तिथे 'ड्राइव्ह'च म्हणतात, गोंधळायला आणखी काय हवं). त्यांची किंमत साध्या फोटोएवढीच. रेल्वेनं २०१८मध्ये हे स्पष्टच केलं: प्रवासात ओळख म्हणून 'इश्यूड'मधलं आधार किंवा लायसन्स चालेल, स्वतः चढवलेलं चालणार नाही. त्याच वर्षी परिवहन मंत्रालयानंही राज्यांना कळवलं, की डिजिलॉकर किंवा सरकारच्याच एम-परिवहन ॲपमधलं लायसन्स आणि आरसी बुक मूळ मानावं. तुमच्या लायसन्सचा फोटो गूगल ड्राइव्हमध्ये कितीही स्वच्छ दिसत असो, पोलिसापुढे तो फोटोच.

अडचण नावांची येते. बडोद्यातल्या मराठी बायकांना हे समजावून सांगायला नको. काकूंच्या रेशनकार्डावर कुठल्याशा कारकुनानं त्यांच्या नावाला 'बेन' जोडलंय, आधारवर ते नाही, पॅनवर आडनाव आधी आणि मग काकांचं नाव. डिजिलॉकर पॅन मागवताना नाव जुळवून बघतं. तेव्हा त्या ट्रंकेतली सगळी कार्डं शेजारी शेजारी मांडून आधी नावं वाचा. फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आज करा, पूर आल्यावर नको.

शिवाय सगळ्या संस्थांनी सगळं तिथे आणलेलं नाही. हल्लीच्या मुलांची मार्कशीटं बऱ्याचदा सापडतात, माझ्या पिढीचं पदवीचं भेंडोळं मात्र कपाटातच.

दस्तावेज आणि वेराबिलं

खरेदीखत, जुनी वेराबिलं, काकांच्या पेन्शनचा पत्रव्यवहार: हे डिजिलॉकरमध्ये आपोआप येत नाही. चढवलं तर १० एमबीच्या आत एकेक फाइल, आणि वर म्हटलं तशी त्याची किंमत फोटोची. मग स्कॅन करायचंच कशाला? कारण भिजलेल्या दस्तावेजावरचा नोंदणी क्रमांक, वर्ष आणि कचेरीचं नाव वाचता येत असेल, तर सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित नक्कल मागता येते. क्रमांकच गेला तर शोधाशोध नव्यानं. काकूंच्या दस्तावेजावर शाई नेमकी क्रमांकाच्या कडेनं पसरली होती, आकडे वाचले. स्कॅनमधलं मी पहिलं पान तेच केलं. पादरा गावाकडच्या शेतीचा सातबारा मात्र ट्रंकेत जपायची गरजच नव्हती. गुजरात सरकारच्या 'एनीआरओआर' संकेतस्थळावर तो घरबसल्या बघता येतो.

आता गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्स यांची खरी तुलना इथे होते. कारण हे कागद काकू एकट्या वापरणार नाहीत. भाचा पुण्याहून बघणार, ताई कॅनडाहून, मी इथून.

ड्रॉपबॉक्समध्ये शेअर केलेलं फोल्डर प्रत्येकाच्या जागेत मोजलं जातं. ताईचं पैसे भरलेलं खातं आहे. तिनं ६ जीबीचं फोल्डर काकूंना दिलं तर काकूंच्या २ जीबीत ते मावणारच नाही. वर फुकट खातं तीनच उपकरणांवर चालतं. फाइली जुळवून घेण्याच्या कामात ड्रॉपबॉक्स अजूनही पक्का आहे, पण फुकट वापरणाऱ्या घराला त्याची शिफारस मी करणार नाही.

गूगल आणि वनड्राइव्हमध्ये शेअर केलेल्याची जागा मालकाच्याच खात्यातून जाते. पण गूगल ड्राइव्हची एक खोच नीट समजून घ्या. काकूंच्या फोल्डरमध्ये भाच्यानं फाइल टाकली तर ती फाइल भाच्याच्या मालकीची. फोल्डर काकूंचं, कागद काकूंचा, मालक भाचा. उद्या त्यानं ते खातं बंद केलं की काकूंचा दस्तावेज त्याच्याबरोबर जाणार. माझ्या दोन रविवारांचं काम याच पायी वाया गेलं, कारण निम्मे स्कॅन मी माझ्या खात्यातून टाकले होते. शेवटी काकूंच्याच फोनवर, त्यांच्याच खात्यातून सगळं पुन्हा चढवलं, आणि आम्हाला फक्त बघण्याची मुभा ठेवली.

वनड्राइव्हचा काकूंच्या लॅपटॉपवर एक फायदा होता: वेगळं काही बसवावं लागलं नाही, आणि वर्ड, एक्सेल ब्राउझरमध्ये फुकट चालतात. त्यात 'पर्सनल व्हॉल्ट' नावाची कुलूपबंद तिजोरीही आहे, पण फुकट खात्यात तिच्यात तीनच फाइली. तीन! आधार, पॅन आणि दस्तावेज, संपली तिजोरी. विंडोज डेस्कटॉपवरच्या फाइलीही वनड्राइव्हशी जोडून टाकतं. मग काकू डेस्कटॉप 'साफ' करतात तेव्हा ऑनलाइन ठेवलेलंही साफ होतं. तिघांच्याही कचरापेटीत पुसलेलं ३० दिवस राहतं. महिन्याच्या आत लक्षात आलं तर परत मिळतं.

झोहोचंही कुणीतरी सुचवेल. चेन्नईच्या या कंपनीचा 'रायटर' मी पत्रं लिहायला वापरतो, मराठी छान उमटतं. पण घरची ट्रंक तिथे हलवावी असं मला वाटलं नाही, कारण घरात दुसऱ्या कुणाचंच तिथे खातं नाही.

गूगलची बाजू आणखी एका गोष्टीनं वर जाते. छापील मराठी कागदाचा स्कॅन ड्राइव्हमध्ये 'गूगल डॉक्सने उघडा' म्हटलं की त्यातली अक्षरं टाइप केल्यासारखी बाहेर येतात. आत्याच्या लग्नाची पत्रिका मी अशी काढली. 'चि. सौ. कां.'चं 'वि. सौ. का.' झालं, गणपतीच्या चित्रातून तीन भलतीच अक्षरं निघाली, बाकी मजकूर ठीक. हातानं लिहिलेल्या पत्रांवर भरवसा ठेवू नका, आणि आजोबांच्या मोडीतल्या चिठोऱ्यांपुढे तर तो हात टेकतो.

आणि नावं द्या हो फाइलींना! मी पहिल्यांदा एका दुकानातून स्कॅन करून आणलं होतं. पेनड्राइव्हवर 'स्कॅन०००१' ते 'स्कॅन०२४०'. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला अमेरिकेहून इथे बोलावलं ते काही पुस्तकं साठवायला नव्हे, ती लावायला. त्या गावात राहून आपण दोनशे चाळीस निनावी फाइली ठेवायच्या? मी वर्ष आधी लिहितो: '१९८७_दस्तावेज_अकोटा', '२०११_वेराबिल'. यादी आपोआप काळानुसार लागते, आणि काकूंना 'वेरा' एवढं शोधलं तरी पुरतं.

अल्बम

फोटोंचं प्रकरण वेगळं. प्लॅस्टिकच्या पानांचे अल्बम भिजले की फोटो पानाला चिकटतात आणि ओढले की चेहरा प्लॅस्टिकवर राहतो. काकांचा एक असाच गेला. उरलेले पानासकट स्कॅन केले.

यासाठी गूगल फोटोज सोयीचं आहे यात वाद नाही. एकच चेहरा सगळ्या वर्षांतून गोळा करून दाखवतं, सगळ्यांच्या फोनवर उघडतं. पण १ जून २०२१ला तिथली फुकट अमर्याद साठवण बंद झाली. तेव्हापासून फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह यांचे १५ जीबी एकत्र मोजतात, आणि अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच. काकूंचे १५ जीबी मी पाहिले तेव्हा त्यांतले नऊ व्हॉट्सॲपच्या 'शुभ सकाळ'नं भरले होते. ही जागा पूर्ण भरली की नवी ईमेल येणं थांबतं. गॅसच्या बिलापासून बँकेच्या स्टेटमेंटपर्यंत सगळं. बॅकअपमधून व्हिडिओ वगळले आणि अर्धी जागा परत मिळाली.

फोटो हजारांवर असतील तर पैसे भरण्याची वेळ येते. गूगलची जागा आणखी पाच जणांत वाटून घेता येते, त्यामुळे एकानं भरले तरी घर भागतं. मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली योजनेत सहा जणांना प्रत्येकी १ टीबी मिळतो, वर वर्ड-एक्सेल. सहाही जण खरोखर वापरणारे असतील तर हा सौदा चांगला. आमच्याकडे दोघेच निघाले.

एवढं करून एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवलीच. ती तळमजल्यावर नको, हे सांगायला नको.

दोनशे केबीचा छळ

फॉर्म भरताना '२०० केबीच्या आत' हा त्रास सगळ्यांनाच. फोटो लहान करायला गूगलचं 'स्क्वूश' वापरा: ब्राउझरमध्ये उघडतं, पण फोटो तुमच्याच मशीनवर लहान होतो, कुठे जात नाही. पीडीएफ जोडण्या-तोडण्याला 'आयलव्हपीडीएफ' सोपं आहे, फक्त तिथे फाइल त्यांच्या सर्व्हरवर चढते. वेराबिलाला हरकत नाही. आधार मी तिथे चढवत नाही. आणि कुणाला द्यायचंच झालं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार देतो.

ओटीपी कोणाकडे

माझा निर्णय वरच्या सगळ्यापेक्षा या एका गोष्टीवर ठरला. काका गेले तेव्हा त्यांच्या नावानं एक ऑनलाइन खातं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. त्यात दहा वर्षांचे फोटो होते. पासवर्ड वहीत लिहिलेला होता, पण ओटीपी जायचा काकांच्या मोबाइलवर, आणि त्या नंबरात कुणी पैसे टाकले नव्हते. तीन महिने न वापरलेला नंबर बंद होऊन दुसऱ्याला मिळू शकतो. आम्ही फोन लावला तर पलीकडून कुणी तरुण मुलगा गुजरातीत बोलला. फोटो आजही तिथेच आहेत.

डिजिलॉकरचा जीवही आधारला जोडलेल्या मोबाइलवरच. म्हणून तो नंबर चालू ठेवा, दर महिन्याला आठवण लावा. गूगलमध्ये मात्र 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे: खातं तीन ते अठरा महिने स्वस्थ राहिलं तर तुम्ही नेमलेल्या माणसांना, जास्तीत जास्त दहा जणांना, कळवलं जातं आणि ठरवलेला मजकूर त्यांना उतरवून घेता येतो. हे नेमलं नाही आणि खातं दोन वर्षं कुणी उघडलंच नाही, तर गूगल ते पुसूनही टाकू शकतं.

तर काकूंचं ठरलं ते असं. ओळखपत्रं डिजिलॉकरमध्ये. दस्तावेज, बिलं आणि फोटो काकूंच्या स्वतःच्या गूगल खात्यात, फोटोंची दुसरी प्रत हार्डडिस्कवर. वनड्राइव्हचं डेस्कटॉपशी जोडलेलं नातं मी तोडून टाकलं. ताई अजून ड्रॉपबॉक्सवरच आहे, तिचं तिला लखलाभ.

शेवटच्या रविवारी काकूंच्या खात्याला दोन पायऱ्यांची सुरक्षा लावली. फोन हरवला तर उपयोगी पडावेत म्हणून गूगल दहा संकेतांक देतं, आठ-आठ आकड्यांचे, एकेक एकदाच चालणारा. ते छापून काकूंपुढे ठेवले. त्यांनी कागद दोनदा वाचला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला रबर लावलं आणि म्हणाल्या, "वरच्या शेजारणीकडे माझा लाडवांचा डबा आहे, त्यात ठेवते."