इंजिन नेलं, टाकी घरीच राहिली

18,300 रुपये मेकॅनिकला दिले आणि दुखणं निघालं दोन हात नळीत. वाचून हसू येईल, येऊ द्या. पण तुमच्याकडे बोटीचं इंजिन असेल तर आधी वाचून घ्या.

आम्ही चौघं गोसीखुर्दच्या पाण्यावर मासोळी धरतो. डोंगे ज्याचे त्याचे. फायबरची बोट आणि तिच्या मागचं 9.9 एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन मात्र चौघांच्या पैशातलं. धरणाचं पाणी पसरल्यापासून जाळी दूर लावावी लागतात, वल्ह्यानं जाऊन यायचं म्हटलं तर अर्धा दिवस त्यातच जातो. म्हणून इंजिन बसलं की चार घरं बसतात.

फेब्रुवारीत त्यानं खोड काढली. एका दोरीत सुरू व्हायचं, सावकाश चालवलं तर दिवसभर कुरकुर नाही. पण मूठ पूर्ण पिळली की मिनिटभर जोरात पळायचं, मग आवाज बसायचा आणि मागून कोणी दोर धरल्यासारखी बोट संथ व्हायची. मूठ सोडून थोडं थांबलं की पुन्हा ठीक. पुन्हा पिळली की पुन्हा तेच. आधी वाटलं पंख्यात जलपर्णी अडकली असेल. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेत येतं, त्यामुळे आमच्याकडे जलपर्णीला तोटा नाही. पण पंखा साफ होता. थंड करणाऱ्या पाण्याची धारही मागून नीट पडत होती.

मग इंजिन पोत्यात गुंडाळलं, पिकअपमध्ये टाकलं आणि एका मेकॅनिककडे नेलं. त्याचं नाव-गाव लिहीत नाही. टाकी आणि नळी घरीच ठेवली. रस्त्यात पेट्रोल सांडेल, वास येईल, आणि बिघाड इंजिनाचा आहे तर टाकी कशाला न्यायची, असा आमचा हिशेब. फसलो ते इथेच.

त्यानं इंजिन पाण्याच्या ड्रमात उभं केलं, स्वतःच्या दुकानातली कॅन आणि नळी जोडली, न्यूट्रलवर रेस दिली. थोडा वेळ कान लावून ऐकलं आणि म्हणाला, कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, कचऱ्यानं भरला आहे. हे कारण खोटं नसतं, हे मुद्दाम सांगतो. जेट भरला तर अगदी असंच होतं, हळू चालतं आणि जोरात दम सोडतं. म्हणून आम्हाला शंका आली नाही. 3,800 रुपये. संध्याकाळी ड्रमात लावून दाखवलं, इंजिन असं ओरडलं की गल्लीतली कुत्री उठली. आम्ही खूश.

न्यूट्रलवर इंजिनावर बोटीचा भारच नसतो आणि भार नसला की पेट्रोलही कमी लागतं, ही अक्कल तेव्हा नव्हती. सकाळी पाण्यावर गेलो, मूठ पिळली, मिनिटभरात तेच.

दुसऱ्या खेपेला त्याचा सूर बदलला. "तेल किती टाकता?" मी सांगितलं, 10 लिटर पेट्रोलला 200 मिली, मापानं. तो हसला. "माप बरोबर असतं तर पिस्टन धरला असता का?" दोन दिवसांनी बोलावलं आणि ओरखडे पडलेला एक काळा पिस्टन माझ्या हातावर ठेवला. म्हणे, हा तुमचा, आत नवा टाकला. 14,500. तेल माझ्याच हातचं असायचं, त्यामुळे बाकीचे तिघं काही न बोलता माझ्याकडे पाहायला लागले. मलाही वाटलं, एखाद्या वेळी चुकलं असेल. आपलीच चूक आहे असं एकदा वाटलं की माणूस भाव करत नाही. पैसे मोजून दिले. बिल मागितलं तर पॅडचा कागद दिला, त्यावर दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, फक्त आकडा.

पाण्यावर गेलो. मिनिटभरात तेच.

माझा साळा गावात फवारणीचे पंप आणि नदीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. त्याला बोटीचं काही माहीत नाही म्हणून आम्ही विचारलंच नव्हतं. त्यानं पहिलाच प्रश्न असा विचारला, जो त्या मेकॅनिकनं दोन्ही खेपांना विचारला नव्हता. "भाऊजी, जोर जाते तवा आवाज चढते का बसते?"

"बसते."

"मंग पंख्याचं काम नाही." पंख्याच्या आतला रबरी बुश घसरत असेल तर इंजिन मोठ्यानं ओरडतं आणि बोट तिथेच राहते. आवाज बसत असेल तर इंजिनालाच काहीतरी कमी पडतंय.

तो बोटीत टाकीजवळ बसला. नळीच्या मधे जो रबरी फुगा असतो, सुरू करण्याआधी आपण दाबतो तो, त्यानं हातात धरला. मी मूठ पिळली. आवाज बसायला लागला तसा त्यानं फुगा मला दाखवला. चोखलेल्या आंब्यासारखा चपटा झाला होता. दाबून सोडला तर फुगतच नव्हता. "टाकीतून पेट्रोल येऊनच नाही राहिलं, भाऊजी."

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहिला, उघडा होता. झाकणच सैल केलं तरी फरक नाही. मग टाकीपासून फुग्यापर्यंतची नळी काढून त्यानं चाकूनं उभी चिरली. आतला पातळ थर शेंगेच्या आतल्या पापुद्र्यासारखा सुटून लोंबत होता. हळू चालताना बाजूनं पेट्रोल निघून जायचं. पूर्ण वेगात ओढ वाढली की तो पापुद्रा चिकटून बसायचा आणि वाट बंद.

ती नळी मीच आणली होती, दोन वर्षांपूर्वी, पाइपच्या दुकानातून स्वस्तात. पेट्रोलची नव्हतीच ती. आता पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते अशा रबराला खातं. तेवढी चूक माझी, ती लपवत नाही. इंधनाची खरी नळी फुग्यासकट लावली, बोट पहिल्यासारखी पळाली.

मग साळा म्हणाला, "आता तो पिस्टन कायले बदलवला ते पाहू." इंजिनाचं झाकण काढलं. आमच्या इंजिनात पिस्टन बदलायचा तर वरचा इंजिनाचा भाग पायावरून सोडून उचलावा लागतो. ते सगळे बोल्ट त्यानं मला एकेक करून दाखवले. कंपनीचा रंग बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत सलग होता, कुठे तडा नाही, पान्याचा ओरखडा नाही. ते बोल्ट कोणी हलवलेच नव्हते. हातावर ठेवलेला पिस्टन कुणाचा होता, देव जाणे.

चौघं मिळून मेकॅनिककडे गेलो. आधी तो चढला. बोल्टचे फोटो दाखवल्यावर उतरला आणि 6,000 काढून दिले, पुढचं म्हणे पुढच्या कामात वळतं करू. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीची फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण माझ्याजवळ आहे तो नाव नसलेला कागद. पैसे फोनवरून दिले असते तर तेवढी तरी नोंद राहिली असती.

आता आमच्यात ठरलंय. इंजिन दाखवायला न्यायचं तर टाकी, नळी, फुगा सगळं सोबत न्यायचं आणि शक्यतो मेकॅनिकलाच पाण्यावर आणायचं. जुना भाग आपल्यासमोर निघाला तरच तो आपला.

परवा बाजाराच्या दिवशी त्या दुकानावरून गेलो. दारात भिंतीला टेकवून एक इंजिन उभं होतं. आजूबाजूला टाकी दिसली नाही. इंजिनाचा मालक कुठे म्हणून दुकानातल्या पोराला विचारलं, तर चहा प्यायला गेलाय म्हणाला. मी सायकल लावली आणि चहाच्या टपरीकडे गेलो.