सिंक्रोनाइज्डलिस्ट: सात महिने सुखाचे, आठवा भोगाचा

कलेक्शन्स.सिंक्रोनाइज्डलिस्ट म्हणजे जावा भाषेत यादीला घालायचं आवरण, एका वेळी एकाच थ्रेडने (समांतर चालणाऱ्या कामांपैकी एकानेच) यादीला हात लावावा म्हणून. जावा १.२ पासून, म्हणजे १९९८ पासून आहे, अ‍ॅरेलिस्टवर (जावाची नेहमीची यादी) एका ओळीत चढतं. जोडलेल्या क्लायंटची यादी ठेवायला मी ते सात महिने वापरलं. एक थ्रेड यादीवर फिरून सगळ्यांना मेसेज पाठवतो, बाकीचे थ्रेड क्लायंट आले-गेले की यादी बदलतात. माझी काही तक्रार नव्हती. मग एका रात्री दीड वाजता मेसेज जायचे थांबले. लॉगमध्ये कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन, म्हणजे ‘यादीवर फिरताना ती बदलली’ अशी बोंब, तेही साध्या फॉर लूपच्या ओळीवर.

गोम अशी, की अ‍ॅड, रिमूव्ह, गेट या प्रत्येक कॉलला कुलूप लागतं, आयटरेटरला, म्हणजे यादीवर एकेक नोंद पुढे सरकणाऱ्याला, लागत नाही. आतल्या अ‍ॅरेलिस्टचा आयटरेटर तसाच तुमच्या हातात येतो. फिरताना सिंक्रोनाइज्ड ब्लॉक स्वतः घाला, असं डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. मी वाचलं नव्हतं, कबूल.

ब्लॉक घातला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कारण मी कुलूप लावलं होतं आतल्या अ‍ॅरेलिस्टवर, आणि आवरण कुलूप लावतं स्वतःवर. दोन वेगळी कुलपं, एकच माल. ही चूक माझीच, पण कंपायलर अवाक्षर काढत नाही.

एक्सेप्शनचा मला राग नाही, ते निदान बोंब तरी मारतं. राग आहे न आलेल्या एक्सेप्शनचा. आयटरेटरचं हॅजनेक्स्ट फक्त एवढंच बघतं, की कर्सर (किती नोंदी झाल्या) आणि साइझ (एकूण किती) वेगळे आहेत का. दहा क्लायंट आहेत, लूप नवव्यावर आहे आणि नेमका तेव्हाच दुसऱ्या थ्रेडने एक क्लायंट काढला. साइझ झाली नऊ, कर्सरही नऊ. लूप म्हणतो झालं काम, आणि गपचूप बाहेर पडतो. दहाव्याला मेसेजच नाही! ना एक्सेप्शन, ना लॉग. ‘अधूनमधून एखादा मेसेज येत नाही’ अशी तक्रार चार महिन्यांपूर्वीच आली होती, आणि मी ‘तुमचं नेटवर्क बघा’ म्हणून ती बंद केली होती. कारण हेच होतं असं आता सिद्ध करता येणार नाही, पण तो क्लायंट यादीत बहुतेक वेळा शेवटी असायचा.

वैतागून कॉपीऑनराइटअ‍ॅरेलिस्टवर गेलो, जावा ५ मधली, २००४ सालची, दर बदलाला यादीची नवी प्रत करणारी. आयटरेटर बनतो त्या क्षणीचा अ‍ॅरे धरून चालतो, एक्सेप्शनचा प्रश्नच मिटला. अ‍ॅडइफअ‍ॅब्सेंटही मिळतं, म्हणजे ‘आहे का बघ, नसेल तर घाल’ यातली फटही बुजते. आठवडाभर इतका खूश होतो, की दिसेल त्या यादीला हीच लावत सुटलो.

तिथे माझा कंजूष स्वभाव आडवा आला. एका ठिकाणी दहा हजार नोंदी एकेक करून भरल्या जातात. प्रत्येक अ‍ॅडला अख्खा अ‍ॅरे नव्याने कॉपी होतो. हिशोब केला: जवळपास पाच कोटी रेफरन्स (नोंदींचे पत्ते) कॉपी. रेफरन्सला चार बाइट धरले तरी वीस कोटी बाइटचा कचरा, आणि शेवटी हातात चाळीस हजार बाइटचा अ‍ॅरे. एकेका बाइटसाठी भांडणाऱ्या माणसाला हे झोप न येण्याइतकं आहे. क्लायंटच्या यादीला ठीक, ती क्वचित बदलते आणि सतत वाचली जाते. तिथे ठेवली. बाकी ठिकाणी परत सिंक्रोनाइज्डलिस्ट.

मात्र आता लूप तिच्यावर थेट चालवत नाही. न्यू अ‍ॅरेलिस्टला ती यादी देतो. आत टूअ‍ॅरे (सगळ्या नोंदींची प्रत काढणारा कॉल) कुलपाखाली एकदाच चालतं, आणि मी निवांत त्या प्रतीवर फिरतो. लूपमागे एक कॉपी परवडते. जावा ८ पासून सिंक्रोनाइज्डलिस्टचं फॉरइच (सगळ्या नोंदींवर फिरणारा तयार कॉल) स्वतः कुलूप धरतं, पण आत नेटवर्कचं काम असेल तर तेवढा वेळ बाकी सगळे थ्रेड दारात ताटकळत बसतात. स्ट्रीमला, म्हणजे नोंदींवर फिरायच्या आणखी एका रीतीला, तर आजही कुलूप नाही.

म्हणजे वस्तू वाईट नाही, नाव फसवं आहे. मी जुन्या वेक्टरला (जावाची आधीची कुलूपवाली यादी) सात महिने नावं ठेवली, आणि फिरताना दोघींचं दुखणं एकच निघालं. ती बंद केलेली तक्रार काल पुन्हा उघडली. क्लायंटला काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही.