पादुआची संत अंतोनी बॅसिलिका: घाई केलीत तर निम्मं हुकेल

व्हेनिसहून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात पादुआ, तिथून ट्रामने ‘सांतो’ थांबा. बॅसिलिका म्हणजे फ्रान्सिस्कन प्रवचनकार संत अंतोनीची कबर असलेलं मोठं चर्च. तिथे प्रवेश फुकट आहे. खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि फोटोला मनाई आहे.

बहुतेक भाविक थेट डावीकडच्या चॅपलमध्ये जातात, अंतोनीच्या कबरीच्या मागच्या दगडावर हात टेकवतात आणि लगेच पुढे सरकतात. मग भिंतींवरचे १६ व्या शतकातले नऊ संगमरवरी शिल्पपट राहून जातात. त्यांतला शिल्पकार तुल्लियो लोंबार्दोचा, अंतोनीच्या एका चमत्काराचा पट चुकवू नका. सावकार मेला, छाती उघडली तर हृदय नाही. ते सापडलं त्याच्या तिजोरीत! बघ्यांचे चेहरे बघत उभं राहावं असे.

खरी गर्दी असते ती मुख्य वेदीमागच्या अवशेषांच्या चॅपलला. अंतोनी १३ जून १२३१ रोजी वारला आणि वर्षही उलटलं नव्हतं तोच, ३० मे १२३२ रोजी, पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला संत घोषित केलं. १२६३ मध्ये फ्रान्सिस्कन संघाचा तेव्हाचा प्रमुख संत बोनाव्हेंतुरा याच्या देखत शवपेटी उघडली, तेव्हा देहाची माती झालेली, जीभ मात्र शाबूत. प्रवचनकाराची जीभ म्हटल्यावर लोक भारावले नसते तरच नवल. ती सोन्या-चांदीच्या पात्रात आहे. जवळच जबड्याचं पात्र. रांगेत थांबू देत नाहीत, त्यामुळे आधी वाचून जा, नाहीतर काय पाहिलं ते कळायच्या आत पुढे सरकावं लागतं.

१५ व्या शतकातला शिल्पकार दोनातेल्लो याच्या मुख्य वेदीबद्दल मात्र तक्रार आहे. ब्राँझच्या मूर्ती त्याच्याच, पण मांडणी १८९५ ची, वास्तुविशारद कामिल्लो बोइतोने केलेली. मूळ रचना कशी होती यावर अजून वाद आहेत. कठड्याबाहेरून वेदीवरचे अंतोनीच्या चमत्कारांचे पट नीट दिसत नाहीत. छोटी दुर्बीण असेल तर घ्या. चौकातला दोनातेल्लोचाच घोडेस्वार गात्तामेलाता (व्हेनिसचा सेनापती) मात्र मोकळेपणी पाहता येतो.

दिवस निवडताना मंगळवार टाळा. अंतोनीला पुरलं ते मंगळवारी, म्हणून तो त्याचा वार; मुंबईतल्या मंगळवारच्या नोव्हेना-प्रार्थनाही त्यातूनच आल्या. १३ जूनला तर मिरवणूक असते, भक्तीसाठी उत्तम, शिल्पं पाहायला निरुपयोगी. आणि चित्रकार जॉत्तोची भित्तिचित्रं असलेलं स्क्रोव्हेन्यी चॅपल वेगळं आहे, त्याचं तिकीट आधी काढावं लागतं.