आय-ट्वेंटी एन लाइन की व्हेन्यू एन लाइन: आधी पार्किंग मोजा

कंपनी एक, इंजिन एक, तरी ठरवायला मला चार महिने लागले. ह्युंदाईच्या या दोन्ही एन लाइन, म्हणजे स्पोर्टी रूपातल्या, गाड्यांत तेच १ लिटरचं टर्बो, तीच १२० पीएसची ताकद, आणि दोन्ही चार मीटरच्या आत. त्यामुळे पळण्यावरून वाद नव्हताच. प्रश्न होता उंचीचा: आय-ट्वेंटी बसकी, व्हेन्यू उंच. २०२४ च्या दसऱ्याला मी आय-ट्वेंटी घरी आणली. व्हेन्यू म्हणतोय ती तेव्हाची. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली नवी व्हेन्यू आणखी उंच आणि रुंद आहे, म्हणजे माझा मुद्दा तिला थोडा जास्तच लागू होतो.

व्हेन्यूची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. मावसभावाकडे ती आहे आणि मी ती भरपूर चालवली आहे. पावसात दादरच्या हिंदमाताला पाणी साचायला लागलं की त्याच्या गाडीत बसून मला जेवढं निवांत वाटतं, तेवढं माझ्या गाडीत वाटत नाही. जुलैतले खड्डे ती गिळते. डिकीत दोन बॅगा आणि वर आंब्याची पेटी आरामात बसते. आणि आई. तिचं वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा दुखरा. व्हेन्यूत ती खुर्चीवर बसावं तशी बसते. आय-ट्वेंटीत आधी आडवी टेकते, मग एकेक पाय आत घेते. "बसेन रे मी, उठताना तेवढा हात दे," असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. घरात गुडघ्याचं दुखणं असेल तर या एका कारणावरून व्हेन्यू घेणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही.

तरी माझं पारडं दुसरीकडे झुकलं, त्याचं कारण पार्किंग.

गिरगावात आमची जुनी इमारत होती तेव्हा गाडी गल्लीत राहायची. अशी नऊ वर्षं काढली. रात्री दहाला जागा शोधत तीन-तीन फेऱ्या, आणि एकदा मिळाली की ती सोडवत नसे. रविवारी सकाळी सहाला जाग यायची. मरीन ड्राइव्ह पाच मिनिटांवर, रस्ता मोकळा. मी खिडकीतून खाली बघायचो, तर गाडी गुलमोहराखाली, मागेपुढे वीतभर अंतर ठेवून नीट बसलेली. काढली तर परत येईपर्यंत तिथे दुसरं कोणी असणार, हे पक्कं. मग मी चहा टाकायचो आणि पेपर उघडायचो. संध्याकाळी लग्न असलं तरी टॅक्सी. नऊ वर्षांनी विकली तेव्हा मीटरवर ३८ हजार किलोमीटर होते, त्यातले निम्मे गावच्या फेऱ्यांचे. चालवायची हौस असलेल्या माणसाची गाडी जागा जाईल या भीतीने उभी राहते, यासारखी खंत नाही.

रिडेव्हलपमेंटनंतर नव्या इमारतीत स्टॅक पार्किंग आलं, म्हणजे यंत्राने गाड्या एकावर एक ठेवायची सोय. सोडतीत मला वरचा पॅलेट, म्हणजे गाडी उचलणारा लोखंडी पाट, लागला. खांबावर पिवळ्या रंगात लिहिलंय, उंची १५५० मिमी. कागदावर आय-ट्वेंटी १५०५ आणि व्हेन्यू १६१७. माझा कागदावर विश्वास बसेना, म्हणून टेस्ट ड्राइव्हची आय-ट्वेंटी थेट सोसायटीत नेली. वॉचमनने पॅलेट खाली घेतला, मी गाडी चढवली, त्याने बटण दाबलं आणि मी टेप हातात धरून बघत राहिलो. छत आणि वरचा स्लॅब यांच्यात तीन बोटं उरली. व्हेन्यूचा प्रश्न तिथेच मिटला. जमिनीवरच्या चार जागा उंच गाड्यांसाठी आहेत, पण त्या केव्हाच गेल्या. व्हेन्यू घेतली असती तर पुन्हा तीच गल्ली, तोच गुलमोहर.

आता चालवण्याबद्दल. मुंबईत जोरात पळवायला रस्ता कुठे आहे, असं लोक म्हणतात ते खरं आहे. कोस्टल रोडवर सरळ पट्ट्यात मर्यादा ताशी ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणि चढण्या-उतरण्याच्या जागी ४०. पण मला वाटतं, बसकी गाडी याच वेगात कळते. हाजी अलीच्या वळणदार रॅम्पवर चाळिशीला स्टीअरिंग थोडं वळवून धरलं की आय-ट्वेंटी तेवढीच वळते, मध्येच सावरावं लागत नाही. व्हेन्यूही वळते, फक्त अंग आधी एका बाजूला जातं, मग गाडी येते. कुंभार्ली घाटात हा फरक मला जास्त जाणवला. चिपळूणहून कऱ्हाडला बहिणीकडे दोन्ही गाड्या नेल्या. व्हेन्यूत मागे बसलेल्या पुतणीला वर पोचेपर्यंत मळमळायला लागलं, आय-ट्वेंटीत ती झोपली. एका मुलीवरून निष्कर्ष काढू नये हे मान्य, पण माझ्या हातांनाही तेच सांगायचं होतं.

याची किंमत आहे. एन लाइनचं सस्पेन्शन साध्या आय-ट्वेंटीपेक्षा कडक आहे आणि पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर ते कंबरेला कळतं. सोसायटीच्या गतिरोधकावर भरलेली गाडी तिरकी घ्यावी लागते. रोज दोन तास अशा रस्त्यांवर जात असतील तर विचार करा.

गिअरबॉक्स मी मॅन्युअल घेतला. रोज ऑफिसला लोकलने जातो, गाडी काढतो ती हौसेने. रोज सायनच्या गर्दीत जाणाऱ्याने डीसीटी, म्हणजे क्लच दाबावा न लागणारा ऑटोमॅटिकच घ्यावा, डाव्या गुडघ्याचाही विचार हवा.

तुमच्याकडे स्टिल्टखाली हक्काची मोकळी जागा असेल तर व्हेन्यू घेऊन तुम्ही सुखी राहाल, कदाचित माझ्यापेक्षा जास्त. पण पॅलेट मिळाला असेल, किंवा इमारत पाडायला निघाली असेल, तर बुकिंगआधी सेक्रेटरींकडून उंचीचा आकडा लेखी घ्या आणि गाडी एकदा तिथे चढवून बघा. माझी आता रविवारी सहाला खाली उतरते. वरळीपर्यंत जाऊन येतो, आणि परत येतो तेव्हा पॅलेट रिकामाच असतो.