शिकारीची पहिली रायफल: टिक्का टी३एक्स लाइट

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचा मार्ग बंद केला आहे आणि तो बंदच राहावा असे मला मनापासून वाटते. त्यामुळे हा अभिप्राय कॅनडात स्थायिक झालेल्या आणि प्रशिक्षण व परवान्याची पूर्तता करून अल्बर्टात हरणाच्या कायदेशीर शिकारीला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे.

पहिली रायफल घेताना चर्चा काडतुसाच्या ताकदीचीच होते. ती आपल्या अंगाला बसते का, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. अंगाला न बसणारी रायफल नेम बिघडवते आणि बिघडलेल्या नेमाने जनावर केवळ जखमी होऊन तडफडते. म्हणूनच सोय ही येथे चैनीची बाब नाही.

टिक्का ही रायफल फिनलंडमधील रीहिमाकी येथे साको कंपनी बनवते. टी३ हे मॉडेल २००३ मध्ये आले आणि त्याची सुधारित आवृत्ती टी३एक्स २०१६ मध्ये. उत्तरेच्या थंडीत टिकण्याबद्दल कोणाला शंका असल्यास, कॅनडाच्या दुर्गम भागांत गस्त घालणाऱ्या रेंजर्स दलाने जुन्या ली-एन्फिल्डच्या जागी घेतलेली सी१९ रायफल याच टी३एक्सवर आधारलेली आहे, हे ध्यानात घ्यावे.

दुर्बिणीशिवाय टी३एक्स लाइटचे वजन सुमारे ३ किलो भरते. बर्फातून दिवसभर चालताना हा हलकेपणा मोठा दिलासा ठरतो. पण रायफल जितकी हलकी, तितका गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का अधिक. धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि मग उत्तम नळीचाही उपयोग होत नाही. त्यामुळे या मॉडेलमध्ये ‘.३०० विन्चेस्टर मॅग्नम’ हे जबर ताकदीचे काडतूस घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. हरणासाठी ‘६.५ क्रीडमूर’ हे काडतूस पुरेसे आहे आणि त्याचा धक्का नवख्यालाही सोसवतो. एल्क या थोराड हरणाचाही विचार असेल, तर ‘.३०८’ घ्यावे.

बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सारणारा दांडा, लोण्यासारखा सरकतो आणि तो उघडण्यासाठी मूठ केवळ ७० अंश उचलावी लागते, त्यामुळे वर बसवलेल्या दुर्बिणीला बोटे अडत नाहीत. चाप स्वच्छ सुटतो आणि त्याचा ताण कमी-जास्त करता येतो. नेमाबाबत मला हिच्याविषयी एकही तक्रार नाही.

तक्रार दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाची, आहे. गाल टेकवण्याची कड खाली असल्याने मोठ्या भिंगाची दुर्बीण उंच बसवली, तर गाल अधांतरी राहतो. यावर उपाय म्हणजे मध्यम आकाराची दुर्बीण शक्य तितकी खाली बसवणे. दस्त्याची लांबीही आखूड हातांच्या व्यक्तीला जास्त वाटते. अशांनी, विशेषतः स्त्रियांनी, आखूड दस्त्याचे ‘कॉम्पॅक्ट’ मॉडेल पाहावे. दुकानात जाताना शिकारीचा जाड कोट अंगावर असू द्यावा, कारण कोटाच्या जाडीने दस्ता आपोआप लांब होतो. विक्रेत्याला विचारून, रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून घ्यावी आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी. डोळे उघडताच दुर्बिणीतून पूर्ण चित्र दिसले, मान ताणावी किंवा वाकवावी लागली नाही, तर माप जुळले.

आणखी एक उणीव मला गंभीर वाटते. सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, लावली की बोल्टही अडतो आणि उघडत नाही. म्हणजे नळीतील काडतूस काढण्यासाठी सेफ्टी सोडावीच लागते. तीन टप्प्यांची सेफ्टी असलेल्या रायफलींत हे टळते. येथे ती क्रिया करताना बोट चापापासून दूर आणि नळी जमिनीकडे, ही सवय सरावाच्या मैदानावरच पक्की करून घ्यावी. काडतुसे भरायचे मॅगझीन प्लॅस्टिकचे असले तरी मजबूत आहे. मात्र ते हरवले तर जवळ काडतुसे असूनही खाली जागा रिकामीच राहते, म्हणून एक जादा मॅगझीन रायफलीसोबतच विकत घ्यावे.