सिंहगडची सकाळ की पर्वतीची संध्याकाळ?

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पुण्यात आम्ही दोघं आलटून पालटून या दोनच ठिकाणी जायचो.

सिंहगडासाठी रविवारी पहाटे उठावं लागतं. शहरापासून साधारण ३० किलोमीटर. पायथ्याच्या आतकरवाडीतून चढायला दीड-दोन तास लागतात. दम लागला की बोलणं थांबतं, नुसता हात धरून चालायचं. वर चुलीवरची गरम भाकरी, पिठलं, ठेचा आणि मडक्यातलं घट्ट दही. दही खाताना मडक्याच्या कडेची साय कुणी घ्यायची यावर आमचं दरवेळी लाडिक भांडण! पेट्रोल आणि जेवण एवढाच खर्च, पण अख्खी सुट्टी जाते.

पर्वतीला ऑफिसमधून परस्पर जाता येतं. शंभरेक पायऱ्या, वर पेशवेकालीन देवदेवेश्वराचं मंदिर आणि खाली दिवे लागत जाणारं पुणं. उतरल्यावर सारसबागेजवळ एका भेळेत दोघं. खर्च जवळजवळ नाहीच. गर्दी मात्र असते, निवांतपणा कमी.

महिन्यातून एकदाच वेळ मिळत असेल तर सिंहगडच निवडा. तिथे दोघांना एकमेकांसाठी सलग चार तास मिळतात, आणि नव्या संसारात तेच मिळत नाहीत. पावसाळ्यात वाट निसरडी होते, चांगले बूट घाला.