काठावरचा विजय: आधी घर की आधी मतदार?

2017 मध्ये गुजरातेत भाजप 182 पैकी 99 वर थांबला. 2018 मध्ये मध्य प्रदेशात काँग्रेसला 230 पैकी 114 जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताला दोन कमी. दोघेही सत्तेत आले, पण पुढच्या वाटा वेगळ्या. प्रश्न असा: काठावर जिंकलेल्या पक्षाने आधी आपलं घर, म्हणजे पक्षाची माणसं आणि चेहरे, सावरावं की आधी मतदाराला दिलेला शब्द पाळावा?

मध्य प्रदेशात काँग्रेसचे मुख्यमंत्री कमलनाथांनी शपथविधीच्याच दिवशी कर्जमाफीच्या फायलीवर सही केली. मतदाराला दिलेला शब्द आधी, हे योग्यच. पण पक्षातलेच नेते ज्योतिरादित्य शिंदे यांची नाराजी धुमसत राहिली. मार्च 2020 मध्ये 22 आमदारांनी राजीनामे दिले आणि सरकार पडलं.

गुजरातेत भाजपने सौराष्ट्रातला फटका ओळखला. जुलै 2018 मध्ये जसदणचे काँग्रेस आमदार, कोळी समाजाचे नेते कुंवरजी बावळिया सकाळी पक्षात आले आणि त्याच दिवशी कॅबिनेट मंत्री झाले! 2021 मध्ये तर मुख्यमंत्र्यांसह अख्खं मंत्रिमंडळ बदललं. 2022 ला 156 जागा. अर्थात विरोधी मतं ‘आप’मुळे फुटली, हेही विसरू नये.

माझा कौल आधी घराला. मात्र चेहरे बदलून शेंगदाण्याला भाव मिळत नाही, आणि 2017 ला ग्रामीण सौराष्ट्राची तक्रार नेमकी भावाचीच होती.